गाडीला नाही, माणसाला कव्हर

"काही आवाजबिवाज येतोय का गं?"

गाडीत बसण्याआधी काकांचा हा प्रश्न ठरलेला. आधी गाडीभोवती एक चक्कर मारायचे. प्रत्येक टायरला बुटाच्या टोकाने हळूच ठोसा द्यायचे. मग बॉनेटपाशी वाकून, कान तिरका करून उभे राहायचे आणि माझ्याकडे बघून विचारायचे. तुम्ही म्हणाल, किती काळजी करणारा माणूस! अहो, काळजी कसली? त्या आवाजात आशा असायची आशा! मी "नाही हो काका, मस्त चाललीये" म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. माझी गाडी भर रस्त्यात बंद पडावी अशी मनापासून इच्छा असलेला माणूस दर शनिवारी माझ्या शेजारच्या सीटवर बसायचा, आणि त्याला दार उघडून देणारी मीच.

काका आमच्याच रस्त्यावर, दोन घरं सोडून राहायचे. नाशिकच्या एका सहकारी बँकेत शाखाधिकारी म्हणून रिटायर झालेले. बायको गेली तेव्हा एकुलत्या एका मुलीने, मृणालने, त्यांना इकडे ब्रिस्बेनला आणलं. आल्या आल्या त्यांनी हट्टाने इथलं लायसन्स काढलं, एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि लायब्ररी, देऊळ, भाजी, सगळीकडे आपले आपण जायला लागले. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसायचं, पेपर वाचता यायचा, पण बाजूचं दिसेना. डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद करायला लावलं. गाडी विकली.

आम्ही राहतो ते स्प्रिंगफील्ड लेक्स तुम्ही पाहिलं नसेल तर सांगते. तळं आहे, बदकं आहेत, तळ्याभोवती गुळगुळीत पायवाट आहे. फोटोत फार छान दिसतं. पण गाडी नसलेल्या माणसाने दुसरं टोक गाठायचं म्हटलं तर बसची वाट बघत उन्हात उभं राहायचं, आणि रविवारी तर तेही नाही. सकाळी आठनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सगळे कामावर, पोरं शाळेत, गॅरेजची दारं बंद. काका दिवसातून तीनदा बदकं बघून यायचे. चौथ्यांदा जायला निघाले की मृणाल फोन करायची, "बाबा, रस्ता एकट्याने क्रॉस करू नका हं."

तर त्या गाडीच्या काळात काकांनी बँकेत एक पॅकेज खातं उघडलं होतं. महिन्याला ठरावीक फी. त्या फीत तीन गोष्टी मिळायच्या : प्रवासाचा विमा, मोबाइलचा विमा, आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत. बॅटरी गेली, टायर फुटला, फोन करा, माणूस येईल; नाहीच चालू झाली तर गाडी उचलून गॅरेजला नेतील. गाडी विकली त्याच आठवड्यात मृणाल म्हणाली, "बाबा, आता हे खातं बंद करा. गाडीच नाही तर ब्रेकडाउन कव्हर कशाला? साधं खातं फुकट मिळतं."

बरोबरच होतं तिचं. पण आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस, त्याला कुठलीही गोष्ट एकदम बंद करवत नाही. "बघू," काका म्हणाले. आणि मतं गोळा करायला निघाले.

देवा रे देवा! ती मतं! आमच्याकडे महिन्यातून एकदा पॉटलक असतं, प्रत्येक घरातून एकेक पदार्थ आणून एकत्र जेवायचं. तिथे काका प्रत्येकाला ताट वाढून घेतल्यावर, म्हणजे पळता येणार नाही अशा वेळी, गाठायचे. "तुझं काय मत? पॅकेज खातं परवडतं का?" एकाने सांगितलं, काका, गाडीच्या विम्यातच थोडे पैसे जास्त भरले की ही सोय मिळते. दुसरा म्हणाला, नवी गाडी असेल तर कंपनीच काही वर्षं देते, दोनदा कशाला पैसे भरायचे? तिसरी म्हणाली, मोटर क्लबची मेंबरशिप घ्या, त्यांच्यासारखे तेच. काका सगळ्यांचं ऐकून मान डोलवायचे, "मुद्दा आहे, मुद्दा आहे" म्हणायचे, आणि पुढच्या महिन्यात त्याच माणसाला तोच प्रश्न विचारायचे. मला तर ते कचऱ्याचे बिन बाहेर काढताना गाठत. मी कामावर जायच्या घाईत नाहीये, घरातल्याच कपड्यांत आहे, एवढं बघून बिनच्या झाकणावर हात ठेवून उभे राहायचे.

एकदा माझं डोकंच फिरलं. "काका, सरळ हिशोब आहे. जे वापरणार त्याचेच पैसे द्यायचे. प्रवासाचा विमा तुमच्या वयाला लागू नाही, हे तुम्हीच सांगितलंत. मोबाइल तुमचा इतका पुराणा की त्याचा विमा काढणाराच वेडा. राहिली गाडी. ती विकलीत. मग उरलं काय?"

"तेच म्हणतो मी," काका म्हणाले. "उरलं काय?"

आणि बिनवरचा हात न काढता तसेच उभे राहिले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण उतू जाईपर्यंत भरलेला बिन घेऊन मी किती वेळ वाईट वाटून घेणार?

त्यानंतर दोन-चार दिवसांतच काका भर दुपारी दारात. चेहरा असा फुललेला की मला वाटलं डोळे बरे झाले.

"अगं स्मिता, मी बँकेच्या हेल्पलाइनला फोन केला. फार गुणी मुलगी होती. मी म्हटलं, बाळ, माझी गाडी नाही, तर मला काय उपयोग? ती म्हणाली, सर, कव्हर गाडीला नाही, माणसाला आहे! मी ज्या गाडीत बसलेला असेन, ती कुणाचीही असो, ती बंद पडली तर ते येणार. कुणाचीही! फक्त मी त्या गाडीत पाहिजे."

"बरं मग?" मी म्हटलं. खरंच सांगते, पुढे काय वाढून ठेवलंय याची मला कल्पना आली नाही.

पुढे असं झालं की काका सगळ्यांच्या गाडीत बसायला लागले. युनिव्हर्सिटीत शिकणारी आपली पोरं-पोरी इथे कसल्या गाड्या घेतात तुम्हाला माहीतच आहे. आरसा चिकटपट्टीने लावलेला, एसी फक्त हिवाळ्यात चालणारा. त्यांना काका म्हणजे देवच पावले. एअरपोर्टला जायचंय? काकांना घे. गॅटनला कॉलेजात सामान न्यायचंय? काकांना विचार, मोकळे आहेत का. घर बदलताना गाडीत गाद्या, कुकर, गणपतीची मूर्ती आणि पुढच्या सीटवर काका. आपल्या माणसांचं डोकं अशा बाबतीत कसं चालतं! कुणी मेंबरशिप काढेना. काका आहेत की!

मृणाल वैतागली. "बाबा, तुम्ही काय स्पेअर टायर आहात का? कुणीही उचलून नेतंय!" शेवटी बापलेकीत तह झाला. दिवाळीपर्यंत ते कव्हर एकदा तरी उपयोगी पडलं तर खातं राहणार. नाही पडलं, तर बंद. काकांनी बँकेतल्या माणसासारखी अट मान्य केली. म्हणजे आता काकांना कुठेही जाता यायचं ते त्या खात्याच्या जोरावर, आणि ते खातं टिकायचं तर कुणाची तरी गाडी बंद पडायला हवी होती. आता कळलं ना, बॉनेटला कान का लावायचे ते?

माझा शनिवार कसा सापडला तेही सांगते. नवरा खाणीवर इंजिनिअर. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. मी चाइल्डकेअरमध्ये, आठवडाभर दुसऱ्यांच्या पोरांचे रडके सूर ऐकते. शनिवारी रेवाला, माझ्या मुलीला, शहराच्या पार पलीकडे नाचाच्या क्लासला नेते. जाताना ती मागे झोपते आणि मी गाडीत मोठमोठ्याने गाते. वाईट गाते, पण गाते. आठवड्यातला तेवढाच वेळ माझा. आणि नेमक्या त्या वेळेवर काकांनी टाच आणली. कारण काय, तर आमची गाडी अकरा वर्षांची, अंतर लांब, उन्हाचा रस्ता. "शक्यता चांगली आहे," ते म्हणाले होते. तोंडावर! माझ्या गाडीबद्दल!

काका गाडीत बसले म्हणजे नुसते बसायचे नाहीत. सोबत एक पिशवी असायची. तिच्यात चिवडा, टॉर्च, दोरी, पाण्याची मोठी बाटली आणि कुठून तरी आणलेलं पिवळं चमकणारं जॅकेट. बसल्या बसल्या उजवा पाय ब्रेकवर. ब्रेक माझ्याकडे असतो, पण पाय त्यांचा दाबलेला. "ऐंशी आहे हं इथे." "पुढचा थांबतोय." "डावीकडे ये आता." बाजूचं दिसत नसलेला माणूस मला लेन बदलायला सांगतोय! एसी लावला की गुडघे धरतात, बंद केला की रुमालाने वारा घेतात. गाणं लावलं की विचारतात, "हा इंजिनाचा आवाज का गं?"

"तो तबला आहे काका."

"असं होय," म्हणायचे. पुन्हा चेहरा पडायचा.

रेवा मागून विचारायची, "Mumma, is Kaka coming every week? Like, forever?" मी आरशातून डोळे वटारायचे. काका मात्र मागे वळून तिला चिवडा द्यायचे. तिखट लागला तरी ती खायची आणि म्हणायची, "It's alright, actually."

आता यातली माझी हुशारी ऐका. माझी मोटर क्लबची मेंबरशिप त्याच सुमारास संपत आली होती. नूतनीकरणाचा निरोप फोनवर आला. मी विचार केला, आपण एकटं तर कधी लांब जातच नाही, काका शेजारी असतातच. जो ताप सहन करतोय त्याचा काही तरी फायदा नको? कशाला दुप्पट खर्च? आणि सोडून दिली मेंबरशिप. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "शाबास." आम्ही दोघंही एकाच माळेचे मणी.

नवरात्रानंतरच्या एका शनिवारी क्लासला सुट्टी होती. टुवूम्बाला माझी एक मैत्रीण राहते, तिने जेवायला बोलावलं. सव्वा-दीड तासाचा रस्ता. मी ठरवलं, आज नाही. आज काही झालं तरी काकांशिवाय जायचं, गात जायचं. काकांना सांगितलंच नाही. सकाळी रेवाला मागे बसवलं, गाडी गॅरेजमधून हळूच काढली आणि निघाले. याचा मला आजही पश्चात्ताप नाही, तुम्ही काहीही म्हणा. इप्सविच ओलांडेपर्यंत माझा गळा मोकळा झाला होता.

प्लेनलँड मागे पडलं आणि गाडीच्या तापमानाचा काटा लालकडे गेला. मग बॉनेटमधून वाफ. मग काहीच नाही. मी कशीबशी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना भाज्यांची शेतं, वर ऊन, आणि शेजारून शंभरच्या वेगाने जाणारे ट्रक. प्रत्येक ट्रकसरशी गाडी हलत होती. नवऱ्याचा फोन लागेना, तो जमिनीखाली. मैत्रिणीची गाडी तिचा नवरा घेऊन गेलेला. मोटर क्लबला विचारलं तर म्हणाले, येतो, पण तुमची मेंबरशिप नाही तेव्हा टोइंगचे पैसे पूर्ण पडतील. किती ते ऐकून मी फोन ठेवला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं! इतके महिने शेजारी कव्हर घेऊन फिरले आणि नेमकी आज घरी ठेवून आले.

झक मारत काकांना फोन केला.

"कुठे आहेस?" एवढंच विचारलं त्यांनी. मला का नाही नेलं, एका शब्दाने विचारलं नाही. "सावलीत उभी राहा. पोरीला पाणी दे. मी येतो."

पूजा नावाची एक विद्यार्थिनी त्यांना घेऊन आली. तिला शिफ्टला जायचं होतं, ती सोडून लगेच वळली. काका पिवळं जॅकेट घालूनच उतरले होते. हातात पिशवी. गाडीजवळ आले, बॉनेटमधली वाफ बघितली आणि, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी, त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी उजळली.

"पडली की गं बंद!" म्हणाले.

मग पुढच्या सीटवर बसले. पट्टा लावला. बंद गाडीत पट्टा! आणि बँकेच्या त्या मदतीच्या नंबरला फोन केला, स्पीकरवर. नाव सांगितलं, खातं सांगितलं, जागा सांगितली. पलीकडची बाई फार गोड बोलत होती. सगळं टाइप करून झाल्यावर म्हणाली, "आणि सर, गाडी बंद पडली तेव्हा तुम्ही या गाडीत होतात ना?"

काकांनी माझ्याकडे बघितलं.

मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. हो म्हणा. एक अक्षर. एवढे महिने ज्याची वाट बघितली ते समोर आलं होतं. 'हो' म्हटलं की गाडी उचलून नेणारा ट्रक येणार, कव्हर उपयोगी पडणार, मृणालची अट पुरी होणार, खातं राहणार, काकांचं फिरणं राहणार. काकांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी समोरच्या काचेतून बाहेर बघितलं, घसा खाकरला.

"No, madam," काका म्हणाले. "I was at home. I came after."

ती बाई म्हणाली, मग सॉरी सर, आम्हाला काही करता येणार नाही. काका म्हणाले, "No no, you are correct. Thank you very much." वर तिला दिवसाच्या शुभेच्छा!

माझा स्फोट झाला. वडीलधारा माणूस, वय, काही बघितलं नाही मी. "काका! एक 'हो' म्हणायला काय जात होतं तुमचं? कोण कॅमेरा लावून बसलंय इथे? इतके महिने आम्हाला सगळ्यांना छळलंत, माझ्या गाडीच्या मरणाची वाट बघितलीत, आणि ती मेली तर हे? हरिश्चंद्राचे अवतार! आता पैसे कोण भरणार? आणि मृणाल खातं बंद करायला लावणार आता, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," काका म्हणाले.

"मग?"

"येताना वाटेत ठरवलं होतं गं. हो म्हणायचं असंच ठरवलं होतं. तोंडातून निघालंच नाही." मग म्हणाले, "असे खोटे क्लेम घेऊन लोक माझ्यासमोर बसायचे. मी त्यांना परत पाठवायचो."

"मग आलात तरी कशाला एवढ्या लांब?"

"तू एकटी होतीस," ते म्हणाले, जणू मीच काही तरी खुळ्यासारखं विचारलंय.

मी मोटर क्लबला पुन्हा फोन केला, निमूट पैसे कबूल केले. ट्रक यायला दुपार झाली. तोवर काका जॅकेट घालून गाडीमागे उभे राहून येणाऱ्या ट्रकना हात दाखवत होते, हळू जा, हळू जा. बाजूचं दिसत नाही आणि हायवेवर उभे! मी ओरडून ओरडून त्यांना कठड्याच्या आत आणलं. रेवा आणि ते चिवडा खात बसले. ती त्यांना म्हणाली, "Kaka, you could've just said yes." ते म्हणाले, "हो ना. चुकलंच माझं." आणि दोघंही हसले. मला मुळीच हसू येत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात काकांनी स्वतः बँकेत जाऊन खातं बंद केलं. दिवाळीला अजून अवकाश होता. मृणाललाही आश्चर्य वाटलं, ती म्हणाली, "अहो बाबा, थांबा ना, मी काय लगेच म्हटलं का?" पण काकांच्या लेखी निकाल लागला होता. मला सांगायला आले. "नाही परवडत. सगळ्यांना विचारून झालं, वापरून झालं. ज्याची स्वतःची गाडी नाही त्याने घेऊ नये. कुणी विचारलं तर असं सांग."

त्या शनिवारी ते आले नाहीत. मी जाताना गायले, येताना गायले. फार बरं वाटलं, हेही खरं सांगते. त्याच्या पुढच्या शनिवारीही आले नाहीत. पोरांनी बोलावलं तर "आज जरा काम आहे" म्हणायला लागले. काम! बदकांपाशी दिवसातून पाचदा दिसायचे. तिसऱ्या शनिवारी सिग्नलला मी "ऐंशी आहे हं" असं स्वतःशीच बोलले आणि इतकी चिडले की दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काका, किराणा आणायला जातेय. चला."

"नको गं. आता माझा काय उपयोग गाडीत?"

"उपयोग? आधी तरी काय होता? तुमच्यामुळे एक टायरसुद्धा बदलला गेला नाही आजवर! चला मुकाट्याने."

आले. गाडीभोवती चक्कर नाही, टायरला ठोसा नाही. बसले, पट्टा लावला आणि गप्प. एसी लावला, काही नाही. मी मुद्दाम पिवळ्या सिग्नलवर गाडी दामटली, तरी नाही. दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर मीच भांडण काढलं. "असं पाहुण्यासारखं बसायचं असेल तर येऊ नका."

"पाहुणाच आहे मी आता," काका शांतपणे म्हणाले. "कव्हर होतं तोवर तुमच्या कामासाठी येत होतो. आता प्रत्येक वेळी विचारायचं, बाई मला नेतेस का. तू नेशील, मृणाल नेईल, सगळे नेतील, नाही कोण म्हणतंय? पण विचारायचं कधी संपणारच नाही. मला नाही जमत ते." आणि मग, तांदळाची पिशवी कोणती घ्यायची विचारावं तसं म्हणाले, "मी नाशिकला परत जातोय."

मी कपाळावर हात मारला. डोळ्यांत औषध कोण घालणार? आजारी पडलात तर? तिथे रस्ते बघितलेत का, इथल्यापेक्षा शंभरपट वाईट, बाजूने कोण येऊन आदळेल कळणारसुद्धा नाही! काका ऐकत होते. "खाली रिक्षा असते," म्हणाले. "हात केला की थांबते. भावाचं घर शेजारच्या बिल्डिंगमध्ये आहे. भाजीवाला, दवाखाना, वाचनालय, सगळं पायाखालचं. डोळा आणखी जाण्याआधी थोडं फिरून घेतो."

मृणाल महिनाभर त्यांच्याशी भांडली. रडलीसुद्धा. आणि मी, जिने या माणसापासून सुटका मिळावी म्हणून देवाला हात जोडले होते, ती मी तिच्या बाजूने भांडले. काही उपयोग झाला नाही. एअरपोर्टवर आम्ही सगळे गेलो, पूजा आणि तिची ती चिकटपट्टीवाली गाडीसुद्धा. काकांनी रेवाच्या डोक्यावर हात ठेवला, मृणालला जवळ घेतलं. मला म्हणाले, "मेंबरशिप काढ. आजच काढ. कंजूषपणा करू नकोस." मी म्हटलं, "तुम्ही नका शिकवू मला." आणि मग रडू आवरेना म्हणून टॉयलेटला गेले.

मेंबरशिप काढली. या गोष्टीला आता बरेच महिने झाले. मागच्या शनिवारी क्लासवरून येताना दुकानापाशी थांबलो आणि गाडी चालूच होईना. फोन केला. मोटर क्लबचा माणूस हां हां म्हणता आला. बॅटरी बघितली, नवी बसवली, "नो वरीज" म्हणाला आणि गेला. एक वाद नाही, एक प्रश्न नाही, पैशांची कटकट नाही. इतकं सुरळीत झालं की मला कळेना आता काय करायचं. रेवा म्हणाली, "That's it?" मी म्हटलं, "हो, झालं."

तशीच पार्किंगमध्ये बसून राहिले. मग काकांना व्हिडिओ कॉल लावला. नाशिकला सकाळ होती. दोनदा लावल्यावर उचलला. फोन हातात हलत होता, आधी त्यांचा कान दिसला, मग रिक्षाचं छत, मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

"काका, ऐका तरी काय झालं! आज गाडी—"

"अगं स्मिता, आत्ता नाही!" काका ओरडले. "मी बाहेर आहे! आधी वाचनालय, मग मंडई, मग एका मित्राकडे जायचंय. नंतर करतो!"

आणि फोन ठेवून दिला. माझा फोन! दिवसभर वाट बघितली मी. अजून केलेला नाही.